डॉक्टरांची पेटी आणि माझा ज्यूसर

ऑक्टोबरात मी अंगणात पाय घसरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी हाड छान बसवलं, नाताळच्या आधी प्लास्टर काढलं आणि बोट उगारून सांगितलं, "तेक्लाबाई, उचला, पुसा, कापा, काय हवं ते करा. पण पिळायचं नाही. काहीही पिळायचं नाही."

मी मान डोलावली. कपडे पिळणं यंत्राकडे जाऊन जमाना झाला होता, त्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही. त्याच संध्याकाळी तोरिनोहून एर्सिलियाचा फोन आला. एर्सिलिया माझ्या थोरल्या मुलीची मुलगी. म्हणाली, "आजी, जानेवारीत येतेय. चिरीनोला घेऊन. सहा महिन्यांचा होईल तो. चमचा तयार ठेव!"

फोन ठेवला आणि माझं लक्ष मनगटाकडे गेलं.

आमच्या घरात बाळाच्या तोंडात दुधानंतर पहिली चव जाते ती संत्र्याच्या रसाची. एकच चमचा. तो रस घरातल्या सगळ्यात वडील बाईने स्वतःच्या हाताने काढायचा. माझ्या सासूबाईंनी माझ्या मुलींना दिला, त्या अर्धं संत्रं मुठीत धरून एकदाच अशा पिळायच्या की सालात थेंब उरायचा नाही. त्या गेल्यावर मान माझ्याकडे आला. एर्सिलियाला मीच दिला होता. तिने तोंड वाकडं करून माझ्या नव्या झग्यावर फुर्र केलं होतं, तो डाग अजून आहे. आता तिच्या मुलाची पाळी आणि माझी मूठच मिटेना.

माझी नणंद आग्रिप्पिना दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर. ती पलीकडच्याच घरात राहते आणि आमच्या घरातली बातमी तिला आमच्या आधी कळते.

"वहिनी, काळजी करू नको. मी आहे ना. तुझ्यानंतर वडील मीच."

"माझ्यानंतर म्हणजे? मी कुठे चाललेय?"

"तसं नाही गं. पण मनगट गेलं ना तुझं."

"मनगट गेलं, मी नाही. मी यंत्र आणीन."

"यंत्र!" तिने छातीवर क्रॉस काढला. "विजेचं? म्हणजे बाळाला पहिला चमचा वीज कंपनी भरवणार?"

या एका बोलण्यावर मी तीन दिवस तिच्याशी बोलले नाही. पण मनात मला पटलं होतं. हाताने म्हणजे हातानेच. मग मी ठरवलं, ज्यूसर घ्यायचा, पण असा की माझा हात चालेल आणि मनगट चालणार नाही. असा ज्यूसर जगात असतो की नाही ते मला माहीत नव्हतं. पण नुसत्या विचारानेच मी इतकी हरखले की रात्री डेल्फोला दोनदा हलवून उठवलं. डेल्फो म्हणजे माझा नवरा, फिलाडेल्फो. तो म्हणाला, "घे काय घ्यायचं ते, पण झोपू दे."

ज्यूसर घ्यायला शहरात, कातानियाला जायचं तर संत्री न्यायला हवीत. आमच्या लेंतिनीत कुणी रिकाम्या हाताने ज्यूसर बघायला जाईल हे मला खरंच वाटत नाही. दुकानदाराच्या बाहेरगावच्या पाणचट फळांवर यंत्राची परीक्षा कशी करायची? आदल्या दिवशी मी पिशवी घेऊन बागेत गेले आणि विहिरीजवळच्या झाडाखाली उभी राहिले. ते आमचं सर्वांत चांगलं झाड. त्याचं तारोक्को जातीचं संत्रं तळहातात मावत नाही, आणि थंडी पडली की सालावर गालासारखी लाली चढते.

डेल्फो शिडीवरून ओरडला, "ए, ती विकायची आहेत!"

"मी खायला नाही नेत. कातानियाला दुकानात दाखवायला नेतेय."

"दाखवायला?" त्याने वर पाहिलं. "मग त्या वरच्या फांदीची घे. ती जास्त लाल आहेत."

डेल्फोचा हा नियम लग्न झाल्यापासून मी पाहते आहे. मोठी, गुळगुळीत फळं व्यापाऱ्याला. त्यातली निवडक डॉक्टर, वकील, पाद्री यांच्याकडे भेट म्हणून. घरात येतात ती वाऱ्याने ओरबाडलेली, आमच्या धुमसत्या ज्वालामुखी डोंगराच्या राखेने डागाळलेली, अक्रोडापेक्षा थोडी मोठी. मी काही म्हटलं की त्याचं ठरलेलं उत्तर, "साल काढलं की सगळी सारखीच."

लग्नाआधी मी संत्री बांधायच्या वखारीत काम करायचे. आम्ही मुली लांब टेबलांशी बसून एकेक संत्रं पातळ, कुरकुरीत कागदात गुंडाळायचो. कागदावर निळी-सोनेरी चित्रं असायची, घोडा, जहाज, मुकुट घातलेली बाई. मोठी फळं जर्मनीला जायची. बोटांना दिवसभर त्यांचा वास यायचा. आम्ही गाणी म्हणायचो, कारण गाणाऱ्या तोंडाला खाता येत नाही, आणि मुकादमालाही तेच हवं असायचं. म्हणजे मोठ्या संत्र्यांशी माझी ओळख फार जुनी, पण ती कागदात गुंडाळण्यापुरतीच.

दुसऱ्या दिवशी आग्रिप्पिना बसथांब्यावर आधीच येऊन उभी होती. अंगावर चर्चचा कोट, ओठांना लाली.

"तू कशाला?" मी म्हटलं.

"तुला फसवतील म्हणून. आणि पिशवी कोण धरणार? दे इकडे."

दुकान बाजारामागच्या गल्लीत होतं. मालक डॉन जेझुआल्दो, पोट पुढे आणि मिशी त्याच्याही पुढे. आम्ही दारात पाऊल टाकताच म्हणाला, "लेंतिनीच्या ना?"

"कसं ओळखलंत?"

"पिशवी कशी धरलीय बघा की. जणू आत दागिने आहेत."

आग्रिप्पिना खूश झाली. तिने पिशवी उघडून एकेक संत्रं काउंटरवर मांडलं, आणि दुकानातली गिऱ्हाइकं जवळ सरकली.

पहिल्यांदा त्याने एक उंच, चकचकीत यंत्र लावलं. त्यात साल काढलेली फळं टाकायची. ते असं किंचाळलं की मला वाटलं गल्लीतली स्कूटर आत शिरली. रसावर हाताएवढा फेस. दुसरं सावकाश चालणारं, मळसूत्रासारखं, दाबून दाबून रस काढणारं. डॉन जेझुआल्दो म्हणाला, "आवाज नाही, घाई नाही, आणि शेवटी काम होतं."

"अगदी आमच्या दादासारखं," आग्रिप्पिना म्हणाली. "फक्त शेवटी काम होतं हे सोडून."

पण दोन्हीला साल काढायचं, दोन्हीला वीज. तिसरं छोटं, त्यावर अर्धं संत्रं धरून तळव्याने दाबायचं. मी दाबलं आणि मनगटातून कळ थेट कानापर्यंत गेली. आग्रिप्पिना हळूच म्हणाली, "वहिनी, राहू दे. मी आहे ना."

तेवढ्यात मला तो दिसला. कोपऱ्यात, खाली, बिडाचा, जड, कॉफीच्या बारमध्ये असतो तसा. खाली रेघारेघांचा शंकू, वर टोपी, आणि बाजूला लांब दांडा. वीज नाही. पिळायचंही नाही. दांडा ओढायचा, बस. आणि दांडा डाव्या हातानेही ओढता येतो!

"तो! तो द्या!" मी इतक्या जोरात ओरडले की डॉन जेझुआल्दो दचकला.

त्याने यंत्र काउंटरवर ठेवलं. मी विहिरीजवळचं संत्रं कापलं. आत काळपट लाल, रेशमासारखं. शंकूवर ठेवलं, डाव्या हाताने दांडा धरला आणि ओढला. टोपी खाली आली, फळाने एक सुस्कारा सोडला, आणि खालच्या पेल्यात रस धारेने पडला. माझ्या अंगावर काटा आला. मी पुन्हा ओढलं. पुन्हा! मनगटाला पत्ता नाही. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. डॉन जेझुआल्दोने पेला उचलला आणि आमच्याकडचा प्रत्येक माणूस म्हणतो तेच म्हणाला, "लवकर प्या, लवकर, नाहीतर जीवनसत्त्वं पळतील!" आणि आम्हाला न देता स्वतःच पिऊन टाकला. डोळे मिटले. "कुठल्या झाडाचं?"

"विहिरीजवळच्या," आग्रिप्पिनाने सांगितलं, जणू रोज तीच पाणी घालते.

बांधता बांधता तो म्हणाला, "हाच आकार ना? याच्यात लहान शंकूचाही येतो. लिंबं, छोटी फळं..."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. इतक्या वर्षांत आमचं एकमत होण्याचे प्रसंग थोडे, त्यातला हा एक.

"छोटी फळं?" मी म्हटलं.

"आमची संत्री तुम्हाला लिंबं वाटतात?" आग्रिप्पिना म्हणाली.

"माफ करा, माफ करा," म्हणत त्याने मोठाच बांधला. बसमध्ये मी तो मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईने विचारलं, "नातू का?" मी म्हटलं, "नातीच्या मुलासाठी," आणि तिला काय वाटलं देव जाणे.

एर्सिलिया रविवारी यायची होती. शनिवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, मी म्हटलं एकदा सराव करू. स्वयंपाकघरातल्या टोपलीतून, घरच्या टोपलीतून, एक संत्रं घेतलं आणि कापलं. शंकूवर ठेवलं. ते त्यावर टोपीसारखं बसायच्या ऐवजी टोकावर डुगडुगत राहिलं. दांडा ओढला. साल फाटलं, फळ एका बाजूला सरकलं, आणि पेल्यात चार थेंब आले. दुसरं घेतलं. तिसरं घेतलं. मी ते थेंब चाखले आणि जीभ चुरचुरली. सालाचं कडू तेल सगळं त्यात उतरलं होतं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कातानियाला आम्ही दाखवायची संत्री नेली होती. घरात तर खायची होती!

यंत्र बघायला आलेल्या आग्रिप्पिनाने बोट बुडवून चाटलं आणि शहारली. "हे बाळाला दिलंस तर ते लग्नाच्या वयात येईपर्यंत संत्र्याला शिवणार नाही."

"डेल्फो!" मी हाक मारली. "मला मोठी दे. चारच."

डेल्फो दारात आला. "कुठून देऊ? व्यापारी काल सगळी उतरवून घेऊन गेला."

"सगळी?"

"डॉक्टरांची पेटी सोडून."

ती पेटी कोठारात होती, मला माहीत होतं. माझं मनगट बसवलं त्या डॉक्टरांसाठी, विहिरीजवळच्या झाडाची शेवटची संत्री, डेल्फोने स्वतः लॉरेलच्या पानांवर ओळीने मांडलेली. सोमवारी तो कोट घालून ती पोचवणार होता. ती मागणं म्हणजे त्याला दिलेला शब्द मोडायला लावणं. मी चोथा ताटलीत गोळा करू लागले. त्याने सालाचा चोथा बघितला, यंत्र बघितलं, टोपी डोक्यावर घातली आणि बाहेर गेला. लहान शंकूचं यंत्र बदलून आणावं तर कातानियाचं दुकान आता सोमवारीच उघडणार. मी यंत्र धुतलं, पुसलं आणि त्यावर फडकं टाकलं.

रविवारी एर्सिलिया आली. चिरीनो गोल, गंभीर, पाद्र्यासारखा सगळ्यांकडे बघणारा. मी त्याला डाव्या हाताने कडेवर घेतलं आणि सगळं विसरले. पण टेबलावर चांदीचा चमचा मांडलेला होता, आणि एर्सिलिया म्हणाली, "आजी, चल ना! मी तर फोटो काढायला फोन घेऊन तयार आहे!"

आग्रिप्पिनाने कोट काढला. बाह्या दुमडल्या. तिचे हात अजून धडधाकट आहेत, माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान असून. तिने टोपलीतलं एक डागाळलेलं संत्रं उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. या वेळी टोमणा मारला नाही. तेच मला जास्त लागलं.

"घे," मी म्हटलं. "तूच कर."

तेवढ्यात दार पायाने ढकललं गेलं. डेल्फो आत आला, दोन्ही हातांत पेटी. त्याने ती टेबलावर ठेवली आणि लॉरेलची पानं बाजूला सारली. सगळं स्वयंपाकघर वखारीसारखं दरवळलं.

"दादा!" आग्रिप्पिना किंचाळली. "डॉक्टरांना काय सांगशील?"

"सांगेन डोंगराने राख टाकली. दरवर्षी टाकतोच." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मनगट त्यांनी दुरुस्त केलं ना? मग त्याचा उपयोग होतोय, हे त्यांनाच बरं वाटेल."

आग्रिप्पिनाने हातातलं संत्रं टोपलीत परत टाकलं, फडकं ओढून काढलं आणि यंत्र माझ्यापुढे सरकवलं. "चल वहिनी, उभी काय राहिलीस? बाळ म्हातारं होईल!"

संत्रं तिने कापलं. शंकूवर मी ठेवलं. ते असं बसलं जणू त्याच जागेसाठी झाडावर वाढलं होतं. मी दांडा ओढला. रस आला! लाल, दाट, सरळ धारेने. मनगट दुखलं नाही. मी उजव्या हाताने चमचा भरला आणि चिरीनोच्या ओठांना लावला.

त्याने डोळे मिटले. सगळा चेहरा नाकाभोवती गोळा केला. खांदे शहारले. एर्सिलिया हसत सुटली, मी झगा मागे ओढला. पण फुर्र झालं नाही. त्याने एक डोळा उघडला, चमच्याकडे पाहिलं आणि तोंड वासलं.

"मागतोय!" आग्रिप्पिना ओरडली. "अगं बघ, मागतोय!"

एकच चमचा द्यायचा असतो. मी दोन दिले.

मग पेल्यात जो रस उरला होता तो डेल्फोने माझ्यापुढे धरला. "पी लवकर. जीवनसत्त्वं पळतील." मी प्यायले. वखारीतल्या त्या टेबलाशी बसून मी किती वेळा हा वास घेतला होता, आणि आता तो घशातून खाली उतरत होता. मी पेला त्याला दिला. त्याने घोट घेतला, तोंडात घोळवला, छताकडे पाहिलं.

"मी म्हणत होतो ना," तो म्हणाला. "साल काढलं की सगळी सारखीच."

आणि पेटीतलं आणखी एक मोठं संत्रं उचलून त्याने माझ्या डाव्या हातात ठेवलं.