पाळीवरची सायकल

१९७८ साली ताराला सक्करदऱ्याच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. घर धरमपेठेत, दोन बस बदलून वेळेवर पोचणं कठीण. नवरा रवींद्र कोराडीच्या वीज केंद्रात कामाला, तिकडेच खोली घेऊन राही. एका रविवारी त्यानं जुनी लेडीज सायकल आणून दारात लावली आणि परत गेला.

"मी शिकवते तुले," सासूबाई गोपिकाबाई म्हणाल्या.

"पण आत्याबाई, तुम्हाले कुठं येते?"

"मले धरता येते. चालवाची तुले हाय."

दुसऱ्या दिवसापासून दोघी सकाळीच अंबाझरीच्या बगिच्यात. लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून गोपिकाबाई कॅरिअर धरून धावायच्या, फिरायला आलेले लोक गवतात सरकायचे. तिथं बाकावर बसणारे एक आजोबा, मधुकरराव, रोज ओरडायचे, "चाकाकडे नका पाहू, समोर पाहा!" तारा चाकाकडेच पाही आणि मेंदीच्या कुंपणात जाऊन पडे.

एकदा तलावाच्या पाळीवर, बांधावरच्या वाटेवर, तिनं विचारलं, "धरलं ना?" उत्तर आलं नाही. मागे पाहते तर सासूबाई दूर कमरेवर हात ठेवून हसत उभ्या.

"आत्याबाई! काहून सोडलं?"

"सांगतलं असतं त पडली असती!"

तारा पडली नाही, पण उतरायचं कसं हे तिला माहीतच नव्हतं. बगिच्याला पूर्ण चक्कर मारून शेवटी ती मधुकररावांच्या बाकाला धरून थांबली. ते टाळ्या वाजवू लागले. तारा घामाघूम, तरी चेहरा फुललेला.

गोपिकाबाई धापा टाकत आल्या. सायकलीवरून हात फिरवत, थोडं लाजून म्हणाल्या, "आता मले शिकव."

"तुम्हाले?"

"लहानपणी भावाच्या सायकलीले हात लावला त मार खाल्ला होता मी. आता कोन मारते?"

 तारानं कॅरिअर घट्ट पकडलं. "बसा, आत्याबाई. मी धरते."

पुढच्या रविवारी रवींद्र घरी आला, तर दाराला कुलूप. दोघी बगिच्यात गेल्याचं शेजाऱ्यांनी सांगितलं. तो पाळीवर पोचला तेव्हा समोरून नऊवारीतली बाई सायकलवर वेगानं येत होती आणि मागून तारा ओरडत होती, "ब्रेक! ब्रेक दाबा!"

"आई?" रवींद्र वाटेतच थिजला.

"हट ना बाप्पा बाजूले!" आई ओरडली आणि घंटी वाजवत त्याच्या अगदी जवळून पुढे निघून गेली.