एक सेल जास्त

मोठ्या साहेबांना वीज वाचवण्याचं वेड होतं. विजेचा साठा करणाऱ्या त्या केंद्रात बॅटऱ्यांनी भरलेले पोलादी कंटेनर रांगेने उभे होते, आणि ते थंड ठेवण्यात जाणारी वीज साहेबांच्या डोळ्यांत खुपायची. म्हणून त्यांनी पंखे उशिरा सुरू करायला लावले, बचतीबद्दल वरून शाबासकी मिळवली, आणि एका दुपारी कंटेनर पेटून आतला तरुण तंत्रज्ञ गेला तेव्हा, त्यानेच जोडणी सैल सोडली असणार, असं म्हणून सगळं खापर मेलेल्याच्या डोक्यावर फोडलं. त्याची थोरली बहीण तिथेच नियंत्रण कक्षात कामाला होती. सगळे तिला ताई म्हणत. ती मूग गिळून बसली, नोकरीही सोडली नाही. माफ मात्र तिने केलं नव्हतं आणि करणारही नव्हती.

पुढे साहेबांनी नवी संगणक प्रणाली आणली. ती बॅटऱ्यांमधल्या प्रत्येक सेलवर लक्ष ठेवी आणि एखादा तापला की पडद्यावर विचारी, 'बाकीच्यांच्या बरोबरीला आणू का?' ताईने हो म्हटलं की गार वारा फक्त तिकडे वळे. माणसाच्या उत्तरांवरून ही शिकत जाते, असं साहेब कौतुकाने सांगायचे.

एकदा साहेब पाहणीला आत गेले आणि पडद्यावर एक सेल जास्त दिसला. सदतीस अंश. साहेब पुढच्या कंटेनरमध्ये गेले तसा तोही सरकला, आणि ते परत येऊन ताईच्या खुर्चीमागे उभे राहिले तेव्हा तो सेल कुठल्याच कंटेनरमध्ये नव्हता, पण पडद्यावर होता. दुसरं कोणी आत गेलं तर असं काही होत नसे. 'बरोबरीला आणू का?' ताईला भावाचं घड्याळ आठवलं. ओळख पटवायला तेवढंच उरलं होतं. तिने शांतपणे हो दाबलं.

मग रोज सकाळी तोच प्रश्न आणि तोच होकार. आकडा हळूहळू उतरत गेला, आणि साहेब भर उन्हाळ्यात स्वेटर घालून येऊ लागले.

"डॉक्टर म्हणतात, काही झालेलं नाही," ते एकदा हात चोळत म्हणाले.

"जपा हं तब्येतीला," ताई म्हणाली, आणि तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

एके दिवशी साहेब भिंतीचा आधार घेत आले आणि तिच्या मागच्या खुर्चीत बसले. ओठ काळेनिळे पडले होते.

"ताई, तुमच्या भावाची चूक नव्हती. जोडणी नीट होती, मला तेव्हाच ठाऊक होतं. पंखे मीच उशिरा लावायला सांगितले होते. उद्या सगळ्यांसमोर सांगतो."

तिला एवढंच तर हवं होतं. भावावरचा डाग धुऊन निघायचा तर हा माणूस उद्यापर्यंत जगायला हवा होता. खरं सांगू शकणारं दुसरं कोणीच नव्हतं. आज 'नाही' म्हणायचं, असं ठरवून ती घाईने पडद्याकडे वळली. प्रश्न आलाच नव्हता. त्याच्या जागी एक ओळ होती: 'आपले उत्तर नेहमी होच असल्यामुळे यापुढे विचारले जाणार नाही.'

तिने 'नाही'चं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. आकडा तिच्या डोळ्यांदेखत आणखी एकाने उतरला.

"उद्या," मागून साहेब म्हणाले, आणि बऱ्याच वेळाने, "सकाळी."