फ्रीजवरचा तक्ता

लेक तीन महिन्यांची झाली आणि मी अर्धा दिवस कामावर जाऊ लागले. जखमी, अनाथ रानप्राण्यांच्या केंद्रात माझ्याकडे पाणमांजराचं आईवेगळं पिल्लू होतं. तेही घरच्यासारखंच, भूक लागली की इमारत डोक्यावर घेणारं.

नदीत पाणमांजरं आता बोटांवर मोजण्याइतकीच उरलीत, म्हणून अशा पिल्लांसाठी सरकारी निधी मिळतो. अट एकच, सलग तीस दिवसांचा तक्ता: किती खाल्लं, किती झोपलं, वजन किती. एक दिवस जरी कोरा राहिला तर निधी नाही. निधी नाही तर पोहायला शिकवायचं तळं नाही, आणि मग पिल्लू जन्मभर पिंजऱ्यात.

तक्ता मला इतका आवडला की तसाच एक लेकीसाठीही छापला आणि दोन्ही एकाच दिवशी सुरू केले. तिसाव्या दिवशी डॉक्टरांना दाखवायचा म्हणून तिचाही माझ्या पिशवीत होता. संध्याकाळी एक तक्ता पाकिटात घालून पाठवला, एक आठवण म्हणून फ्रीजवर लावला.

तीन दिवसांनी निधी कार्यालयातून फोन आला.

"ताई, तुमचं पाणमांजर आजीने थोपटल्यावर झोपतं असं लिहिलंय."

मी धावत फ्रीज गाठला. 'दोन मासे, शेपटीसकट. पाण्यात सात मिनिटं.'

"आई, हे तुम्ही वाचलं नाहीत?" मी सासूबाईंना विचारलं.

"वाचलं की. म्हटलं, हल्लीच्या डॉक्टरांचा काही नेम नाही."

मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत होती. लेकीची प्यायची वेळ होत आलेली, म्हणून फ्रीजवरचा तक्ता काढला आणि तिला छातीशी बांधून निघाले.

निधी कार्यालयातले तपासनीस काका चष्मा कपाळावर चढवून एकेक ओळ बोटाने वाचत होते. मध्येच लेकीने भोकाड पसरलं. त्यांनी आपली खुर्ची खिडकीकडे वळवली आणि वाचन चालू ठेवलं. मी तिला पाजायला घेतलं.

"एकोणिसाव्या दिवशी वजन नाही," ते खिडकीकडे बघतच म्हणाले.

"त्या दिवशी ही तापली होती, मी घरी होते. केंद्रातल्या पहारेकरीदादांनी लिहिलंय बघा, खाली, बारीक अक्षरात."

"'काट्यावर बसेना. दोनदा चावलं,'" काकांनी वाचलं. मग टेबलावरचा लेकीचा तक्ता ओढून शेजारी ठेवला. "एकोणीस. 'ताप. दिवसभर आईच्या मांडीवर.' हं. जुळतंय."

"पण वजन तर..."

"वजन झालं नाही, पण का झालं नाही त्याची नोंद आहे. दिवस कोरा नाही." ते हसले. "आणि चावतंय म्हणजे नदीत निभावून नेईल. आमचा नातूही चावतो, पाठवू का तुमच्याकडे तपासायला?"

ठप्, ठप्. शिक्के मारण्याच्या भरात त्यांनी दोन्ही तक्त्यांवर मारले, दोन्हींवर सही केली आणि लेकीचा मला परत दिला.

महिन्याभरात मंजुरी आली. तळ्याचं खोदकाम सुरू आहे, पिल्लू काठावर बसून मजुरांवर ओरडतं. लेक आता झोपलीय म्हणून एवढं लिहून होतंय. तिचा तक्ता फ्रीजवर आहे, खाली गोल सरकारी शिक्का: 'तपासले. नोंदी समाधानकारक.'

सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला आवर्जून दाखवतात.