मानेवरचा मळ

सायलीच्या मानेवरचा मळ निघत नव्हता, आणि सायली म्हणत होती की ती रोज नीट अंघोळ करते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, एवढी अक्कल मला होती. म्हणून मी माझ्या पोटच्या मुलीला खोटारडी ठरवून मोकळी झाले.

मळ मागच्या दिवाळीपासून दिसायला लागला. मानेच्या मागच्या बाजूला काळपट पट्टा, हात लावला तर जाडसर. आधी बेसन आणि लिंबू झालं, मग दही झालं. शेवटी मी पाय घासायची वजरी काढली. दर रविवारी तिला मोरीत पाटावर बसवायचं, मान खाली दाबायची आणि घासायचं.

"मम्मी, आग होतेय."

"होऊ दे. आठवडाभर नुसतं पाणी ओतून बाहेर येतेस, त्याची आग आहे ही."

सासूबाई, चांगुणाबाई, मोरीच्या दारात टेकून बघत असायच्या. "लई चिकाट मळ हाय गं त्यो जयमाला. जरा जोर लाव." मग मी जोर लावायची.

कुणी म्हणेल, मानेवरच्या मळाचं एवढं काय घेऊन बसलीस? ज्याला कधी कुणी घाणेरडं म्हटलं नाही, त्याला हे कळायचं नाही. मी अकोल्याकडच्या खेड्यात वाढले. चौथीत असताना माझ्या बाकावरच्या मुलीची आई तिला न्यायला आली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "हिच्याशेजारी बसत जाऊ नको, घान असतात हे लोक." त्या दिवशी मी पहाटे डोक्यावरून अंघोळ केली होती. वडिलांनी तांब्यात निखारे घालून माझ्या फ्रॉकला इस्त्री केली होती. सगळ्या वर्गात माझ्याइतका पांढरा फ्रॉक कुणाचा नव्हता, आणि ती बाई मला घाण म्हणाली. आमची जात तिला माहीत होती, तेवढं तिला पुरलं. माझ्या लेकराला असं बोलायला कुणाला जागा मिळू द्यायची नाही, हे मी तेव्हापासून मनाशी धरून होते.

आता आम्ही नगरजवळ केडगावात राहतो. नवरा संदीप एमआयडीसीत कामाला आहे, मी पुढच्या खोलीत ब्लाउज शिवते. घर लख्ख असतं. गिऱ्हाइकं म्हणतात, जयमालाताई, तुमच्या फरशीवर जेवून घ्यावं.

आणि जुलैत सायलीच्या शाळेच्या डायरीत बाईंनी लाल शाईनं लिहून पाठवलं, 'पाल्यास रोज स्वच्छ अंघोळ घालून शाळेत पाठवावे.'

मी ते उभ्यानंच वाचलं. मग सायलीच्या थोबाडीत दिली. तोपर्यंत तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. तिला तशीच मोरीत ओढत नेली आणि बुधवार असूनही वजरी घेतली. ती ओरडली नाही, नुसती दात आवळून बसली. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून गप्प बसलीय.

संदीप कामावरून आला, त्यानं तिची मान बघितली. "अगं, कातडं निघालंय तिचं."

"मग तू जा शाळेत आणि ऐकून ये."

"शाळेत कशाला? डॉक्टरकडं ने. एखादं मलम असेल."

दुसऱ्या दिवशी मी तिला नगरला लहान मुलांच्या डॉक्टरांकडं नेलं. साधारण माझ्याच वयाच्या बाई होत्या. मी बसायच्या आतच सांगून टाकलं, "मॅडम, मळ काढायचं क्रीम द्या. ही अंघोळ नीट करत नाही."

सायलीनं मान आणखी खाली घातली. डॉक्टरांनी तिचे केस बाजूला करून मागं बघितलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "सायली, चपला काढ. त्या भिंतीला टाचा टेकवून उभी राहा, डोकं सरळ."

अकरा वर्षांच्या पोरीची उंची भरली एकशे सेहेचाळीस सेंटिमीटर. वजन अठ्ठावन्न किलो. मला काही कळेना. मानेसाठी आणलेल्या पोरीचं वजन कशाला करायचं? त्यात डॉक्टरांनी खणातून टेप काढली. टेप दिवसभर माझ्या गळ्यात असते, माझ्या मुलीचं माप दुसरं कुणी घेताना मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी तिला श्वास सोडायला सांगितला, शेवटची फासळी चाचपली, कमरेचं हाड चाचपलं, आणि दोन्हीच्या मधोमध टेप धरली. शहाऐंशी सेंटिमीटर. मी मनात लगेच इंच केले, चौतीस. मला नवीन नव्हतं. जूनमध्ये मीच तिच्या शाळेच्या स्कर्टची शिवण उसवून कंबर सैल केली होती आणि वाढतं अंग आहे म्हणून कौतुकानं हसले होते.

डॉक्टरांनी कॅलक्युलेटरवर हिशोब केला. "वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागायचं. हिचं सत्तावीस येतंय." मग एक छापील तक्ता पुढं ओढला. "मोठ्या माणसांना एकच आकडा लावतात, लहान मुलांना तसं चालत नाही. मुलगा की मुलगी, वय किती, त्याप्रमाणं या रेषांवर बघावं लागतं. ही रेष ओलांडली तर वजन जास्त. ही वरची ओलांडली तर लठ्ठपणा." त्यांनी पेनानं ठिपका दिला. ठिपका सगळ्यात वरच्या रेषेच्याही वर गेला.

मला रागच आला. "मॅडम, खात्यापित्या घरची पोर आहे. आणि आमच्याकडं मुळात हाडच मोठं आहे."

"हाड एवढं मोठं नसतं, ताई," त्या म्हणाल्या. "तुम्ही पण या काट्यावर."

माझं सव्वीस आलं, कंबर अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर. मी स्वतःला बेताच्या अंगाची समजते. डॉक्टर म्हणाल्या, आपल्याकडच्या माणसांना तेवीसच्या पुढं जास्त वजन आणि पंचवीसच्या पुढं लठ्ठपणा म्हणतात, आणि बाईची कंबर ऐंशीच्या वर गेली की सावध व्हायचं. ऐंशी म्हणजे साडेएकतीस इंच. माझ्या मापांच्या वहीतल्या बायका एकेक करून डोळ्यांसमोर आल्या. साडेएकतीसच्या आत चार-पाच जणी निघाल्या असत्या, त्यातल्या दोघी कॉलेजातल्या.

त्यांनी सायलीचा रक्तदाब घेतला. घरात साखर कुणाला आहे, ही घोरते का, झोपते किती वाजता, शाळेतून आल्यावर काय खाते, सगळं विचारलं. सासूबाईंना साखर आहे, घोरते, अकरा वाजतात, खारी आणि चहा, कधी वडापाव. मी सांगत गेले. पण माझं चित्त मानेवर होतं.

"ते सगळं ठीक आहे मॅडम. पण मळाचं काय?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ताई, हा मळ नाही."

"म्हणजे?"

"आपण खातो ती साखर जिरवायला शरीर इन्सुलिन बनवतं. पोटावर चरबी वाढली की ते नीट लागू पडत नाही. मग शरीर आणखी बनवतं, आणखी बनवतं. त्याची खूण अशी कातडीवर दिसते. काळी पडते, जाड होते. हे आतून येतं. अंघोळीशी याचा काही संबंध नाही. साखर झालीच आहे असं मी म्हणत नाही, उद्या उपाशीपोटी रक्त तपासू. वजन सावकाश आटोक्यात आलं तर ही मान फिकी होईल. घासून मात्र कधीच जाणार नाही, उलट वाढेल."

दिवाळीपासून जुलैपर्यंत किती रविवार होतात, ते मी मोजायला लागले आणि मला मोजता येईना. मी आजारावर वजरी चालवत होते. आणि ते घाण शब्द, जे एका परक्या बाईनं मला एकदा ऐकवले, ते मी माझ्या मुलीला दर आठवड्याला ऐकवत होते.

"काखेतही असतं बऱ्याचदा," डॉक्टर म्हणाल्या. "सायली, हात वर कर बघू."

सायलीनं हात वर केला नाही. दोन्ही कोपरं अंगाशी घट्ट दाबून धरली.

"घाबरू नको, मी फक्त बघणार आहे."

तिनं हळूहळू एक हात उचलला. डॉक्टरांनी बाही सरकवली. काखेत तसाच काळा पट्टा होता, आणि त्यावर लाल ओरखडे होते. काहींवर खपली धरली होती, काही ओले होते. मी तिथं कधी वजरी लावली नव्हती.

"हे कशानं झालं?"

"घासणीनं," सायली म्हणाली. "तारेच्या. भांड्याच्या."

"कुणी घासलं?"

"मीच. मम्मीला दिसायच्या आधी काढून टाकायचं होतं."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्या तिच्याशीच बोलत होत्या, आवाज अगदी साधा ठेवून. "हा मळ आहे असं तुला कुणी सांगितलं, बाळा?"

सायलीनं माझ्याकडं एकदा बघितलं.

"कुणीच नाही," ती म्हणाली.

आठ महिने ही मुलगी मला रोज खरं सांगत होती आणि मी तिला रोज खोटारडी म्हणत होते. तिचं पहिलं खोटं मी आत्ता ऐकलं, आणि ते ती माझ्यासाठी बोलली.

"मी सांगितलं," मी म्हणाले. "मॅडम, मीच सांगत होते. तिची काही चूक नाही. ती रोज अंघोळ करते."

डॉक्टर औषधाचा बोळा आणायला वळल्या. सायली तशीच उभी होती, हात वर धरून.

"मम्मी," तिनं विचारलं, "हात खाली घेऊ?"