हसू ओसरेपर्यंत

“कोंडूदादा, एक पिक्चर तरी पुरा लावा की. दर दोन मिनिटाला नवीन गाणं. मानसानं दुपारची पाठ टेकायची कशी?”

शेजारची गुणाबाई दारात उभी होती. हातात वालाच्या बिरड्याची वाटी. कोंडूने रिमोट मांडीवर ठेवला.

“बघतोय गो, चांगला कंचा हाय ते.”

“कवापासनं?”

“जेवलो तवापासनं.”

गुणाबाईने वाटी चुलीपाशी झाकून ठेवली, भिंतीवरच्या त्या भल्यामोठ्या टीव्हीकडे एकदा पाहिलं आणि गेली. तिच्यामागे कोंडूने पुन्हा बटण दाबलं. चित्रांची ओळ सरकली. एका ओळीखाली दुसरी, दुसरीखाली तिसरी, आणि तळ काही लागत नव्हता.

आता कोंडूला पिक्चर निवडता येऊ नये, ही गोष्ट धसई गावात कोणाला सांगितली तर लोक हसतील. एके काळी अख्ख्या भागात त्याला ‘व्हिडिओवाला कोंडू’ म्हणायचे. हळद असो, बारसं असो, नाहीतर सत्यनारायण, बैलगाडीत पेंढा पसरून त्यावर रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर घेऊन हा गडी हजर. पण कॅसेटची पेटी उघडण्याआधी तो यजमानाला तीन गोष्टी विचारायचा. बसणार कोण कोण? घरात कोणाचं दुःख हाय का? सकाळी कामाला किती वाजता जायचंय? मग पेटीतून तीनच कॅसेट काढून समोर ठेवायच्या. चौथी दाखवली की माणूस बावचळतो, असं त्याचं म्हणणं. तिन्हींतली एक ठरली की पेटीला कुलूप. एका घरात सुनेचं तान्हं मूल गेलेलं होतं आणि पोरं रडारडीच्याच पिक्चरसाठी हटून बसली होती. कोंडूने सरळ सांगितलं, “त्या कॅसेटला बुरशी आलीय.” बुरशी कुठली नि काय.

त्याची आणखी एक खोड होती. लोक हसले की तो पिक्चर थांबवायचा. हशात पुढचं वाक्य बुडतं आणि मागे बसलेल्या बायाबापड्या विचारत बसतात, काय म्हणाला, काय म्हणाला. म्हणून हसू ओसरेपर्यंत बोट बटणावर. नवख्या पाहुण्यांना वाटायचं, मशीन अडकलं.

हे सगळं करायचं तर त्याला टीव्हीच्या बाजूला, लोकांकडे तोंड करून बसावं लागे. त्यामुळे शेकडो पिक्चर लावले, पण धड पाहिला एकही नाही. त्याने पाहिली ती माणसांची तोंडं. सावळीही त्यातच दिसली. एका हळदीत सगळा मांडव हसून गप्प झाला, तरी एक मुलगी पदर तोंडात कोंबून गदगदा हलत होती. आवाज नाही, नुसते खांदे. कोंडूचं बोट बटणावरच राहिलं. मागून कोणीतरी ओरडलं, “चालू कर रे, झोपला काय?” तरी तिचं पुरतं होईतो त्याने पिक्चर सोडला नाही. पुढच्या वैशाखात दोघांचं लग्न झालं.

घरोघरी डिशच्या छत्र्या आल्या आणि धंदा बसला. कोंडू भाताच्या गिरणीत लागला. घरात मात्र सावळी चटईवर आणि हा टीव्हीच्या बाजूला खुर्चीत, ही बैठक काही मोडली नाही. दोन वर्षांपूर्वी सावळी गेली. खुर्ची तिथेच आहे. चटई गुंडाळायला त्याचा हात झाला नाही.

लेक रंजिता कल्याणला, सासरी. आई होती तोवर फोन आईचाच. शेवटी दोन मिनिटं बापाच्या हातात यायचा. आई गेल्यावर बापलेकीला बोलायला काही सापडेना. जेवलात का, जेवलो. गोळी घेतली का, घेतली. मग तिने हा टीव्ही आणला, आपल्या खात्यातून सगळं जोडून दिलं आणि दर रविवारी विचारायला लागली, “बाबा, या आठवड्यात काय पाहिलंत?” आणि कोंडू सांगू लागला. अर्धा अर्धा तास. त्या अर्ध्या तासावर त्याचा आठवडा निघायचा.

फक्त तो सांगायचा ते सगळं खोटं होतं. चित्राखालच्या दोन ओळी वाचायच्या आणि उरलेली गोष्ट पदरची घालायची. कॅसेटच्या खोक्यावरून पिक्चरचं वर्णन करण्यात त्याची हयात गेली होती. पण या रविवारी रंजिता मधेच म्हणाली, “बाबा, एक बोलू? इथं माझ्या मोबाईलमधी दिसतं सगळं. आत्ता सांगताय त्या आगबोटीचा पिक्चर तुमी चारच मिनिटं पाहिलाय. पुरा एकपण नाय बघितला, कधीच.”

कोंडूने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“रागवत नाय वो मी. पण माझ्यासाठी उगा कशाला तरास घेताय? बघायचं नसेल तर या महिन्यानंतर बंद करते.”

“बरं,” कोंडू म्हणाला. फोन दीड मिनिटात संपला.

तो घाबरला. टीव्ही गेल्याचं त्याला काही नव्हतं. पुढच्या रविवारी फोन येईल, जेवलात का, जेवलो, आणि त्यापुढे काही नाही, ही धास्ती होती. एक पिक्चर पुरता पाहायचा आणि तिला खराखुरा सांगायचा, एवढंच तर होतं. पण सोमवार गेला, मंगळवार गेला, आणि तो ओळी सरकवत बसला. आज बुधवार. गुणाबाईसुद्धा बोलून गेली.

त्याने टीव्ही बंद केला. पेटीसमोर बसायचा तसा मांडी घालून बसला आणि यजमानाला विचारावं तसं स्वतःला विचारलं. बसणार कोण? एकटाच. घरात दुःख? हाय. सकाळी काम? नाय.

अशा घरी काय लावावं, हे त्याला पाठ होतं. रडवणारं नको, नुसता धिंगाणाही नको. हाताने काम करणारी माणसं ज्यात आहेत, असं काहीतरी. जुन्या कॅलेंडरच्या मागे त्याने तीन नावं लिहिली, दोन खोडली. उरला तो एका खेड्यातल्या म्हाताऱ्या शिंप्याचा पिक्चर. पेटीला कुलूप.

पिक्चर सुरू झाला आणि सवयीने तो खुर्चीत जाऊन बसला, टीव्हीच्या बाजूला, चटईकडे तोंड करून. समोर कोणीच नव्हतं. आवाज येत होता आणि चटईवर नुसता उजेड हलत होता. थोड्या वेळाने तो उठला, अवघडून चटईवर बसला, सावळीच्या जागी, आणि पहिल्यांदाच तोंड पडद्याकडे केलं.

शिंपी चांगला होता. धागा दातांनी तोडायचा, बायकोशी भांडायचा. कोंडू बघत राहिला. दीड तास कसा गेला, कळलं नाही. शेवटची वीस मिनिटं राहिली होती. रविवारी सांगायला आता भरपूर होतं. तेवढ्यात एक अगडबंब नवरदेव माप द्यायला आला. शिंप्याची टेप पुरेना. त्याने शेजाऱ्याला हाक मारली, टेपला दोरी जोडली, आणि दोघेही नवरदेवाच्या दोन बाजूंनी फिरू लागले.

कोंडू हसला नाही. पण त्याचं बोट आपोआप बटणावर गेलं. शिंपी दोरी हातात धरून जागच्या जागी थांबला.

घरात एकदम शांत झालं. भिंतीपलीकडून गुणाबाईचा आवाज आला.

“दादा, हा पण बंद केलात काय?”

“नाय गो. हाय चालू.”

सावळीला हसायला नेहमीच वेळ लागायचा. सगळ्यांचं झालं तरी तिचं चालूच असायचं. कोंडूने तेवढा वेळ जाऊ दिला, वर आणखी थोडा, आणि मग बटण पुन्हा दाबलं.