नूरुद्दीनचाचांचं बीपी

नीलाने ऐटीत नूरुद्दीनचाचांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, स्टेथोस्कोप कानांत अडकवला आणि तिला ऐकू आलं ते फक्त खटॅक्-खट, खटॅक्-खट. खालच्या मजल्यावर चाचांचे बारा लूम, कापड विणायचे यंत्रमाग, चालू होते. खाट हलत होती, कपाटातल्या कपबश्या थरथरत होत्या. त्यात नाडीचा आवाज कुठून सापडणार?

अठ्ठ्याऐंशी साल. नर्सिंग पास झाल्यावर पेशंटच्या घरी जाऊन करायची ही तिची पहिलीच ड्युटी. डॉक्टरांनी बजावलं होतं, वरचा आकडा एकशेऐंशीच्या पुढे गेला की चाचा परत हॉस्पिटलात. म्हणजे ड्युटी पहिल्याच दिवशी खलास.

"लूम जरा बंद करता येतील?" तिने चाचांच्या सुनेला, माजिदाला विचारलं.

"खारबावच्या ना तुम्ही, सिस्टर? भिवंडीत अजून राहिला नाहीत वाटतं!" माजिदा हसली. तरी जिन्यातून मुकादमाला हाक मारलीच, "सादिकभाई, पाच मिनट बंद करो!"

खटखट थांबली. नाडी स्वच्छ ऐकू आली. एकशेशहाण्णव! खालचा आकडा ऐकायच्या आतच चाचांनी हात ओढून घेतला.

"काय झालं? लाइट गेली? कोण मेलं का?" चाचा उशीवरून अर्धे उठले होते.

"कुणी नाही मेलं, अब्बा. तुमचं बीपी बघतायत."

"त्याला बारा लूम बंद? अरे, मी चक्कर येऊन पडलो तेव्हासुद्धा चालू होते!"

म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम फुटला होता आणि सगळा जीव खालच्या मजल्यावर लागला होता. नीला उठली आणि स्वतःच जिन्यात जाऊन ओरडली, "सादिकभाई, चालू करा!"

खटखट सुरू झाली तसे चाचा सैलावले. पाच-दहा मिनिटं जाऊ देऊन नीलाने मनगटावर बोटं ठेवली, नाडी लागेनाशी होईपर्यंत पट्ट्यात हवा भरली, मग हळूहळू सोडली. हरवलेली नाडी एकशेपन्नासला बोटांना पुन्हा लागली. वरचा आकडा असा कानांशिवायही मिळतो, खालचा नाही.

फोनवर तिने ओरडून डॉक्टरांना दोन्ही वेळचे वरचे आकडे सांगितले, घडलेलंही सांगितलं.

"आणि खालचा?" डॉक्टरांनी विचारलं.

"तो शुक्रवारी घेते. त्या दिवशी लूम बंदच असतात, त्या शांततेची चाचांना सवय आहे."

डॉक्टर हसले. "बरं. तोवर तुमच्या बोटांवर चालवू. दिवसातून तीनदा कळवायचं."

"हॉस्पिटल?" चाचांनी डोळे न उघडता विचारलं.

"नाही जायचं, चाचा."

"मग हिला चहा द्या. आणि सादिकला सांगा, बुडालेली पाच मिनिटं जेवणाच्या सुट्टीत भरून काढ."