लालावर दिलेला पांढरा

शेवटच्या दिवशी बाबा स्वयंपाकघरातलं स्टूल रंगवत होते. जुनं, लाल रंगाचं स्टूल. त्यांना ते पांढरं हवं होतं. मागच्या अंगणात वर्तमानपत्रं पसरून, त्यांच्या वयाच्या माणसाने बसू नये तसे ते उकिडवे बसले होते.

"पाठ धरेल," मी म्हटलं.

"धरलेलीच आहे. सोडली तर कळवतो."

लालावर थेट पांढरा रंग दिला की आधी छान दिसतो. मग लाल हळूहळू वर येतो, ऊन लागलं की जास्तच. म्हणून मध्ये रुपेरी रंगाचं अस्तर द्यायचं आणि ते पुरतं वाळू द्यायचं. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. त्या दिवशी रुपेरी रंगाचा डबा बाबांच्या शेजारीच होता, आणि तो उघडलेला नव्हता.

"उन्हात ठेवतो," हात पुसत ते म्हणाले. "जाताना बघून सांग, मधून काही दिसतंय का."

"तुमचा चहा गार होतोय."

ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग हसले. "तुझी आईसुद्धा हा विषय निघाला की असाच चहा पाजायची."

मी स्टुलाकडे न बघता निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकूंचा फोन आला, बाबा गेल्याचा.

युद्धाच्या काळात बाबा विमानतळावर रंगारी होते. लढाऊ विमानांच्या पंखांवर आणि अंगावर आपली खूण काढायची, हे त्यांचं काम. आम्ही धावपट्टीच्या कुंपणाला लागून असलेल्या वसाहतीत राहायचो. खूण म्हणजे एक गोल: बाहेर निळा, त्याच्या आत पांढरा, मधोमध लाल. माझा मामा, आईचा धाकटा भाऊ, त्याच तळावर वैमानिक होता. बाबा त्याच्या विमानावर इंग्रजी आकडा काढायला लागले की तो शिडीखाली उभा राहायचा.

"भाऊजी, सहा जरा जपून काढा हं. उलटा उडलो तर नऊ दिसायचा."

"तू सरळ उडायला शीक आधी."

अडचण अशी झाली की शत्रूच्या विमानांवर नुसता लाल गोल होता. खाली तोफेवर बसलेल्या माणसाच्या हाती क्षणभराचा वेळ; त्यात त्याला निळं-पांढरं काही दिसायचं नाही, लाल तेवढं दिसायचं. आपल्याच विमानांवर आपलेच गोळे सुटू लागले. मग हुकूम आला: सगळ्या विमानांवरचं लाल उद्या सकाळपर्यंत झाका.

बाबांनी अस्तरापासून सुरुवात केली. पण विमानं पुष्कळ होती आणि रंगारी ते एकटेच. दुपार कलली तेव्हा मामाचं विमान राहिलं होतं.

"अस्तर वाळायला वेळ लागेल," बाबा म्हणाले.

"अहो, मला काय लग्नाला जायचंय त्यात बसून? द्या पांढरा फासून. पुढच्या फेरीला नीट करा."

बाबांनी थेट पांढऱ्याचा एक हात दिला. पुढचे दिवस कडक उन्हाचे होते, विमानं उघड्यावर उभी असायची, आणि पुढची फेरी काही आली नाही.

मामा परतला तेव्हा आई आणि मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. आई खाली वाकून पिळा सोडवत होती. विमान एकटंच आलं, खूप खालून उडत, धूर सोडत, एका कुशीवर कललेलं. कुंपणाजवळची तोफ सुटली. आईने मान वर केली तोवर आकाशात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

चौकशी झाली. पंख जळून गेले होते. तोफेवरचा माणूस म्हणाला, "मी लाल पाहिलं." तळावरचे साहेब म्हणाले, लाल तर झाकलं होतं, हा घाबरला. बाबा पुढे होऊन म्हणाले, अस्तर दिलं नव्हतं, लाल वर आलं असणार. त्यांना घरी पाठवलं. घरातलंच माणूस गेलंय, डोकं ठिकाणावर नाही, असं सगळ्यांनी ठरवलं. तोफेवरच्या माणसाला काढून टाकलं. गावात त्याला कुणी कामावर ठेवीना.

बाबा एकदा त्याच्या घरी गेले होते. दारातच त्याने विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिलंत का लाल?"

"नाही. मी शेडमध्ये होतो."

"मग कुणी पाहिलं?"

बाबा परत आले. हे त्यांनी आईला सांगितलं, मी आतल्या खोलीत ऐकलं. आई म्हणाली, "तुमचा काय दोष त्यात? पुरे आता." ती हे अगदी मनापासून म्हणायची, आणि त्या एका वाक्यावर आमचं घर उभं होतं.

खुणा नंतरही बदलत राहिल्या. गोल लहान झाला, पांढऱ्याचा फिका निळा केला, पंखांवर आणि शेपटीवर पांढरे पट्टे आले, मग पट्टेही अर्धे पुसायला लावले. दर बदलाला बाबाच शिडीवर. युद्ध संपलं तेव्हा नवा हुकूम आला: मधोमध पुन्हा लाल काढा. त्यांनी तेही काढलं, सगळ्या विमानांवर. मग नोकरी सोडली आणि दुकानांच्या पाट्या रंगवू लागले.

ते सगळ्यांना विचारायचे. मेकॅनिकला, पहारेकऱ्याला, वसाहतीतल्या म्हाताऱ्यांना: त्या दिवशी वर बघितलं होतं का, काय दिसलं? कुणी म्हणायचं आठवत नाही, कुणी म्हणायचं सोडा हो आता. मी गच्चीवर होते हे त्यांना ठाऊक होतं. मला त्यांनी कधीच विचारलं नाही. माझं उत्तर आईच्या कानावर गेलं असतं.

तो तोफेवरचा माणूस वारला. मग आई गेली. त्यानंतर आम्हा दोघांत आड यायला कुणीच नव्हतं, तरी आम्ही पुस्तकांविषयी बोलायचो, दुखण्यांविषयी बोलायचो.

सगळं उरकून नातेवाईक गेल्यावर मी मागच्या अंगणात आले. स्टूल तिथेच होतं. या दिवसांत त्याला हलवायचं कुणाला सुचलं नव्हतं. ऊन थेट त्यावर पडलं होतं आणि बैठकीच्या मधोमध लाल वर आलं होतं; आधी गुलाबीसर, मग जवळून पाहिलं तर चांगलंच लाल. गच्चीवरून दिसलं होतं तसंच.

रुपेरी रंगाचा डबा भिंतीशी होता. मी झाकण काढून पाहिलं. काठोकाठ भरलेला.

मी स्टुलासमोर पायरीवर बसले. घरात कुणी नव्हतं.

"बाबा," मी म्हटलं, "लाल दिसत होतं. मी पाहिलं होतं. तो माणूस खरं बोलत होता, आणि तुम्हीही."